मदत हवी आहे: दोन्ही हिरे ट्रिपल एक्स, मग ॲसेटच्या फोटोत एवढा फरक का दिसतोय?

गुलबक्षी

नवरा म्हणतोय कुठलाही घे पण एकदाचा घे, म्हणून इथे विचारतेय. अंगठीसाठी एकच गोल हिरा घ्यायचाय, नॅचरल, लॅबवाला नको (त्यावर भांडायला वेगळा धागा काढा प्लीज), आणि बघत बघत शेवटी दोनांवर आलेय. दोन्ही जीआयए (हिरे तपासून ग्रेड देणारी लॅब) सर्टिफिकेटवाले, दोन्हीचं कट, पॉलिश, सिमेट्री तिन्ही एक्सलंट, म्हणजे दुकानात ट्रिपल एक्स म्हणतात तसले, फ्लोरोसन्स दोन्हीत नन.

पहिला इथे पुण्यात एका पेढीत बघितला. ०.९० कॅरेट, जी कलर, व्हीएस२ (म्हणजे क्लॅरिटी, आतली स्वच्छता). टेबल (वरचा सपाट पैलू) ५७ टक्के, डेप्थ ६२.६, क्राउन (टेबलाभोवतीचा वरचा उतार) अँगल ३५.५, पॅव्हेलियन (खालचा निमुळता भाग) अँगल ४१.२, व्यास ६.१३ मिमी.

दुसरा बीकेसीतल्या एका दलालाकडचा, मावसभावाच्या ओळखीतून. ०.८८, एच कलर, व्हीएस१. टेबल ५६, डेप्थ ६१.३, क्राउन ३४.५, पॅव्हेलियन ४०.८, व्यास ६.१८. आणि हा साठेक हजारांनी स्वस्त.

आता कलर वरचा, वजन जास्त, म्हणून मी पहिलाच घेणार होते. पण दलालाने दुसऱ्याचा ॲसेट (हिरा कुठला उजेड परत देतो ते रंगांत दाखवणारा) म्हणून एक फोटो पाठवला, लाल, मध्ये निळे बाण, कडेला थोडं हिरवं, एकदम रांगोळीच. मग मी पेढीतही म्हटलं की तुमच्या हिऱ्याचा असा फोटो मिळेल का, तर काउंटरवरचे म्हणाले मॅडम जीआयएने एक्सलंट दिलंय त्याच्यावर अजून काय पाहिजे. बऱ्याच मिनतवाऱ्यांनी फोटो आला आणि त्यात टेबलाच्या कडेला आतून एक फिकट पांढरट कडं आहे. ते वाईट असतं असं वाचलं. मग एक्सलंट कशाला म्हणतात? हे फोटो कितपत खरे मानायचे, की विकणारा हवा तसा काढू शकतो? दलाल सरीनचा (हिरे मोजायची मशीनं बनवणारी कंपनी) लाइट रिपोर्टपण देतो म्हणतोय, त्याला काही अर्थ आहे का? आणि नेटवर सगळीकडे ‘एजीएस झिरो’ (एजीएस नावाच्या अमेरिकन लॅबची कटची ग्रेड) वाचतेय तर तसा हिरा भारतात मिळतो का?

जाणकारांनी लिहा. ‘हिऱ्यात पैसे घालू नका, एफडी करा’ हे घरी ऐकून झालंय.

टिवल्याबावल्या

दोन्ही घ्या आणि कानात घाला. (पळतो)

गुलबक्षी

एक जी एक एच, जोडी नाही लागत. तेवढं आता कळायला लागलंय मला.

माजी_प्लॅनर

ताई, मी सुरतेत आणि नंतर मुंबईत रफच्या (कच्च्या हिऱ्याच्या) प्लॅनिंगमध्ये होतो, म्हणजे त्यातून कसा हिरा काढायचा ते ठरवायचो, आता त्या धंद्यात नाही त्यामुळे मोकळेपणाने लिहितो. लांबलचक होईल, चहा घेऊन बसा.

आधी भावाचं बघा म्हणजे बाकीचं आपोआप कळेल. रॅपापोर्टच्या लिस्टमध्ये (धंद्यात सगळे वापरतात ती भावाची यादी) भाव वजनाच्या पट्ट्यांनी असतो. ०.७० ते ०.८९ एक पट्टी, ०.९० ते ०.९९ पुढची, मग १.०० पासून त्याच्या पुढची. पट्टी बदलली की कॅरेटमागचा भाव उडी मारतो. आता रफ मशीनवर स्कॅन केली की सॉफ्टवेअर एकाच दगडातून निघणारे बरेच प्लॅन दाखवतं. एकात मस्त अँगलचा ०.८७ निघतोय आणि दुसऱ्यात क्राउन जरा उभा ठेवून, खालचा भाग जरा खोल ठेवून ०.९० निघतोय आणि तरीही जीआयएचं एक्सलंट मिळतंय, तर मालक कुठला प्लॅन पास करेल? तुमचा पहिला हिरा बरोबर ०.९० वर थांबलाय आणि वजन जास्त असून व्यास दुसऱ्यापेक्षा कमी आहे. म्हणजे जास्तीचं वजन खोलपणात गेलंय, वरून ते दिसत नाही पण पैसे त्याचे मोजायचे. तुमच्या साठ हजारांत कलरचा वाटा आहेच, पण पट्टीचाही मोठा आहे.

आता एक्सलंट. जीआयएने गोल हिऱ्यांना कटची ग्रेड २००६ पासून द्यायला सुरुवात केली. त्यामागे दोन हजारांवर हिरे आणि सत्तर हजारांवर निरीक्षणं आहेत, काम पक्कं आहे, उगाच नावं ठेवायची नाहीत. पण एक्सलंट ही मोठी खोली आहे. पॅव्हेलियन ४०.६ पासून ४१.८ पर्यंत आणि क्राउन ३१.५ पासून ३६.५ पर्यंत तिच्यात बसू शकतो. अर्थात कुठलीही जोडी चालत नाही, टेबलच्या मापाप्रमाणे जोड्या ठरलेल्या आहेत. शिवाय सर्टिफिकेटवरचा आकडा आठ पैलूंची सरासरी काढून गोल केलेला असतो, क्राउन जवळच्या ०.५ ला आणि पॅव्हेलियन ०.२ ला. तुमचा ४१.२ खरा ४१.१ असेल किंवा ४१.३ पण असेल. आणि सरासरीत आठातला एखादा भरकटलेला पैलू लपून जातो. म्हणून सरीनच्या मशीनचा मापांचा रिपोर्ट मागा (लाइटचा नाही, मापांचा), त्यात प्रत्येक अँगलचा कमीत कमी आणि जास्तीत जास्त आकडा असतो. पॅव्हेलियनमध्ये तो फरक जितका कमी तितकं बरं.

अँगलने एवढं का बिघडतं? हिऱ्याच्या आत गेलेला प्रकाश खालच्या पैलूवर साधारण २४.४ अंशांपेक्षा तिरका आदळला तर पूर्ण परत फिरतो, त्यापेक्षा सरळ आदळला तर खालून निसटतो. क्राउन उभा असेल तर पॅव्हेलियन थोडा उथळ हवा, आणि उलट. तुमच्या पहिल्यात दोन्ही उभे आहेत, त्याला स्टीप डीप म्हणतात, आणि त्याची खूण म्हणजे टेबलाच्या कडेखालचं तेच कडं, तिथून प्रकाश गळतोय. १९१९ साली मार्सेल टोल्कोव्स्कीने गणित मांडून ३४.५ आणि ४०.७५ काढले होते. तुमचा दुसरा हिरा त्याच्या शेजारीच बसतो. आता म्हणून पहिला भंगार आहे असं नाही हां, एक्सलंटच आहे, फक्त वर्गातल्या मागच्या बाकावरचा.

ॲसेट कसा वाचायचा ते उद्या लिहितो, बायको हाक मारतेय.

पारिजात_न्यूजर्सी

तोवर मी एजीएसचं सांगते, इकडे अंगठी घेताना यातून गेलेय. एजीएसची लॅब १९९६ पासून होती, कटला ० ते १० ग्रेड द्यायचे, ० म्हणजे सर्वात भारी. २००५ पासून त्यांनी नुसती मापं न बघता पूर्ण हिऱ्याचं थ्रीडी मॉडेल घेऊन प्रकाश कुठून येतो, कुठे जातो ते कॉम्प्युटरवर काढायला सुरुवात केली, ॲसेट त्यांचंच. ती लॅब २०२२ च्या शेवटी बंद झाली, जीआयएने त्यांचं तंत्र घेतलं आणि आता जीआयएच्या रिपोर्टला जोडून वेगळा एजीएस आयडियल रिपोर्ट मिळतो. म्हणजे जुना एजीएस झिरो कोणी दाखवला तर खोटा नसतो, जुना असतो.

बाकी इकडे ‘सुपर आयडियल’ नावाखाली बरेच जास्त पैसे घेतात. हार्ट्स अँड ॲरोज दाखवतात, वरून आठ बाण, खालून आठ बदाम. दिसतं सुंदर, पण ते पैलू एकमेकांशी किती जुळलेत याचं प्रमाण आहे, प्रकाश किती परततो याचं नाही. अँगल चुकलेल्या हिऱ्यातसुद्धा बाण दिसू शकतात. मी शेवटी बदामांचे पैसे नाही दिले.

रोखठोक

मला एक कळत नाही, अंगठी बोटात घालणार की भिंगाखाली ठेवणार? उद्या हा हिरा मोडायला किंवा बदलायला गेलात तर तुमचा लाल हिरवा फोटो कोणी विचारणार नाही. वजन, कलर, क्लॅरिटी, सर्टिफिकेट, झालं. त्या हिशोबाने ०.९० जी हाच शहाणपणाचा. आणि पेढी बायबॅक देते, दलाल काय देणार?

माजी_प्लॅनर

रोखठोक यांचा बायबॅकचा मुद्दा खरा आहे, हसण्यावारी नेऊ नका. बहुतेक दुकानं फक्त स्वतःच्या बिलाचा माल परत घेतात आणि त्यातही कापतात. दलालाकडून घेतलात तर परतीचं काय ते बिलावर लिहून घ्या, तोंडी नको. पण विकायचाच नसेल तर विकण्याच्या हिशोबाने रोज बघायची वस्तू का निवडायची, हे मला कधी पटलं नाही.

आता ॲसेट. तो एक रंगीत कप आहे, हिऱ्यावर उपडा धरायचा आणि वरच्या भोकातून बघायचं. कपाच्या आत कडेजवळचा, म्हणजे क्षितिजापासून ४५ अंशांपर्यंतचा भाग हिरवा, ४५ ते ७५ लाल, आणि ७५ च्या वर निळा. हिऱ्यात जिथे लाल दिसेल तिथला पैलू वरच्या बाजूचा चांगला उजेड डोळ्याला देतोय. हिरवा म्हणजे आडवा, कमजोर उजेड. निळा म्हणजे तो पैलू बघणाऱ्याच्याच डोक्याकडे बघतोय, तिथे सावली येणार. सावली वाईट नसते, बाण उठून दिसतात, हलवलं की चकाकी येते ती त्या काळ्यापांढऱ्या खेळामुळेच. आणि जिथे यातलं काहीच नाही तिथे गळती. मागून दिवा असेल तर ती पांढरी दिसते, नसेल तर काळी. म्हणून दोन फोटोंची तुलना करताना मागे दिवा होता की नाही ते आधी विचारा, नाहीतर पांढरं कडं असलेला हिरा वाईट आणि काळं कडं असलेला चांगला अशी गंमत होते.

फोटोत चलाखी करता येते का? थोडी. कॅमेऱ्याचं अंतर बदललं की निळा कमीजास्त होतो, हिरा किंचित कलला की चित्र एका बाजूला ओढलं जातं. पण गळतीचं कडं पुसायचं तर फोटोशॉपच लागेल. स्वतःच बघायचं असेल तर मेलबर्नच्या गॅरी होलोवे यांचं आयडियलस्कोप नावाचं छोटं नळकांडं मिळतं, ते फक्त लाल, काळा, पांढरा दाखवतं, नवशिक्याला ॲसेटपेक्षा सोपं. त्यांचंच नेटवर कट ॲडव्हायजर आहे, डेप्थ, टेबल आणि दोन अँगल टाकले की मार्क देतं, २ च्या आत असेल तर पुढे बघा. ते हिरे नाकारायला वापरायचं, ०.९ आणि १.४ मध्ये कोण जिंकलं हे ठरवायला नाही.

सरीन लाइट ब्रिलियन्स, फायर, स्पार्कल आणि लाइट सिमेट्री अशा चार गोष्टी मशीनवर मोजून ग्रेड देतं. मोजमाप चांगलं आहे, पण एका लॅबची टॉप ग्रेड दुसऱ्या लॅबच्या टॉपशी लावायला जाऊ नका, खोल्यांचे आकार वेगळे.

निवांत

अवांतर, पण ओव्हलला हे सगळं चालतं का?

माजी_प्लॅनर

ओव्हलला जीआयएच्या रिपोर्टवर कट ग्रेडच नसते, फक्त पॉलिश आणि सिमेट्री. मध्ये बो टाय म्हणजे काळी आडवी पट्टी किती आहे ते व्हिडिओत हलवून बघा. जास्त हवं तर वेगळा धागा काढा, ताईंचा धागा पळवू नका.

गुलबक्षी

सगळ्यांचे आभार, विशेषतः प्लॅनर दादांचे.

अपडेट देते. कट ॲडव्हायजरमध्ये पहिला २ च्या वर गेला आणि दुसरा आत आला. पण दोन्ही हिरे शेजारी ठेवून बघायचं काही जमेना, पेढी हिरा बाहेर नेऊ देईना आणि दलाल पुडी घेऊन दुसऱ्याच्या दुकानात कशाला येईल. म्हणून मी दोन्हीकडे एकसारखंच केलं. काउंटरच्या दिव्यांखालून उठले आणि खिडकीपाशी जाऊन ऊन नसलेल्या उजेडात हातभर लांब धरून बघितलं, मग हात पुढे धरून त्याची सावली पाडून. दुकानाच्या दिव्यांत तर दोन्ही नुसते पेटलेले असतात, तिथे काचसुद्धा चमकेल. खिडकीत मात्र पहिल्याचा टेबलाखालचा भाग जरा राखाडी पडतो, बोटाचं तेल लागलं की अजूनच. दुसरा सावलीतही कडेपासून कडेपर्यंत उजळ राहतो. हे मला फोटो बघून आधीच माहीत होतं म्हणून दिसलं का, अशी शंका आली म्हणून सोबत आलेल्या नणंदेला काहीच न सांगता दोन्हीकडे विचारलं, तिनेही दुसराच म्हटलं. एच कलर वरून बघताना मला कळला नाही, कागदाच्या घडीत उलटा ठेवला तेव्हा किंचित ऊब जाणवली. अंगठी पिवळ्या सोन्याचीच आहे त्यामुळे तो विषय संपला.

दलालाने मापांचा रिपोर्टही दिला, पॅव्हेलियन ४०.७ ते ४०.९. परतीचं बिलावर लिहून द्यायला तयार आहे, रोखठोक दादांमुळे विचारलं. हाच घेतेय. शेवटचा प्रश्न, पैसे देण्याआधी अजून काय तपासू? आणि अंगठी आमच्या नेहमीच्या सोनाराकडे करणार, त्याला काय सांगू?

रोखठोक

बिलावर लिहून घेताय ना, मग माझं काही म्हणणं नाही. घ्या.

माजी_प्लॅनर

रेंज छान आहे. हिरा बसवायच्या आधी, सुटा असतानाच, कडेवर लेझरने कोरलेला जीआयएचा नंबर असेल तर तो भिंगातून वाचा, दहापट भिंगात बारीक दिसतो, त्यामुळे मायक्रोस्कोपखाली दाखवा म्हणा. मग तोच नंबर जीआयएच्या रिपोर्ट चेकवर टाकून वजन आणि मिमीतली मापं जुळतात का बघा, समोर काट्यावर वजनही करून घ्या. एकदा बसला की नंबर नखीखाली जाऊ शकतो, म्हणून सोनाराला सांगा नंबर झाकू नको.

दुसरं, खाली बंद वाटी नको, मागून ब्रश जाईल एवढी जागा ठेवायला सांगा. हिऱ्याला तेलकटपणा फार चिकटतो, खाणीत पूर्वी ग्रीस लावलेल्या टेबलावरून खडी सोडून हिरे वेगळे काढायचे ते याच गुणामुळे. हँडक्रीमचा थर खालच्या पैलूंवर बसला की ४०.८ असो की ४१.२, प्रकाश खालून निसटणारच. कोमट पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचा थेंब आणि मऊ ब्रश, आठवड्यातून एकदा, आणि ते करताना आधी बेसिनची जाळी बंद करा.