नान मदोल: गुडघा बदललेल्या आईला बोटीने नेता येईल का?

फेब्रुवारीत मी आणि आई (वय ६८) मायक्रोनेशियातल्या पोन्पेई बेटावर जातोय. हातात पूर्ण तीन दिवस आहेत, मुक्काम कोलोनियात. ग्वामवरून जात असल्याने अमेरिकेचा व्हिसा दोघांनी काढलाय, वाटेतल्या जमीनमालकांना द्यायला सुटे डॉलरही ठेवलेत. तेव्हा ते प्रश्न नाहीत.

अडलंय ते पाण्याशी. नान मदोल म्हणजे पोन्पेईच्या किनाऱ्याला प्रवाळाच्या उथळ पाण्यात रचलेली शंभरेक कृत्रिम बेटं, एका जुन्या दगडी नगराचे अवशेष, आणि मधून कालवे. भरतीला बोट आत शिरते, ओहोटीला तळ लागतो. शेजारच्या तेमवेन बेटाकडून खारफुटीतून पायवाट आहे, पण नानदौवासच्या (तिथली उंच भिंतींची मुख्य वास्तू) आधी कालवा चालत ओलांडावा लागतो म्हणे. आईचा उजवा गुडघा गेल्या वर्षी बदललाय. सपाटीवर दोन किलोमीटर सहज चालते, शेवाळलेल्या दगडावर मात्र नाही. आणि तिला बघायचंय तेच नानदौवास! अंधेरीच्या गिल्बर्ट हिलसारखे बेसॉल्टचे खांब, पण आडवे रचलेले, हे तिच्या डोक्यातून जात नाही.

दोन बोटवाल्यांना मेल केली. एकाचं उत्तर ‘या, बघू’, दुसऱ्याचं नाहीच. भरतीचं कोष्टक पाहिलं तर आमच्या दिवसांत भरती एक तर भल्या सकाळी, नाही तर उन्हं उतरताना.

कुणी प्रत्यक्ष गेलं असेल तर सांगा: भरतीच्या किती आधी-नंतर बोट नानदौवासपर्यंत जाते, आणि उतरताना थेट दगडावर पाय ठेवता येतो की गुडघाभर पाण्यात उतरावंच लागतं?