हिमस्खलनात गाडलेल्या माणसाला काढताना खणायचं कसं?

चंद्रकोर:
फेब्रुवारीत आम्ही पाच जण गुलमर्गला चाललोय. गंडोलाच्या (केबल कारच्या) दुसऱ्या टप्प्यावरून अफरवटच्या मोकळ्या उतारांवर स्कीइंग करायचं आहे, स्थानिक गाइड सोबत असेल. त्याने प्रत्येकाला बीकन (गाडलेल्याची जागा संदेशावरून शोधायचं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून बघायची लांब काठी) आणि शॉव्हल (फावडं) सक्तीचं केलंय. बीकन कसा वापरायचा ते भरपूर ठिकाणी सापडलं, खणण्याबद्दल मात्र कुणीच नीट सांगत नाही. प्रोब लागला की तिथेच सरळ खाली खणत जायचं का? माझी अंगकाठी लहान आहे, माझा कितपत उपयोग होईल याचीही काळजी वाटते.

इन्सब्रुककर:
चंद्रकोर ताई, हे आधी विचारलंत ते फार बरं केलंत. मी ऑस्ट्रियातल्या टायरॉलमध्ये राहतो आणि दर हिवाळ्याच्या सुरुवातीला आमचा गट खणण्याचा सराव करतो. बीकन शोधायला लागतो त्याहून कितीतरी जास्त वेळ खणण्यात जातो, आणि लोक नेमका त्याचाच सराव टाळतात.

सरळ खाली अजिबात खणू नका. प्रोब माणसाला लागला की तसाच रोवलेला ठेवा, त्यावरची खोली वाचा आणि उताराच्या खालच्या बाजूला या. खोली मीटरभर असेल तर साधारण दीड मीटर खाली येऊन तिथून प्रोबच्या दिशेने आडवं आत शिरायचं. विहिरीसारखा उभा खड्डा केला तर प्रत्येक घास वर उचलून फेकावा लागतो, कडा ढासळतात, आणि तुम्ही उभे असता ते त्याच्या छातीच्या वर. तोंडासमोर थोडी हवेची पोकळी उरली असेल तर तीही तुमच्या वजनाने दबते. खालून आत गेलात तर बर्फ आपोआप उताराकडे सारता येतो, शिवाय माणूस सापडल्यावर त्याला आडवं ठेवून सीपीआर द्यायला सपाट जागा तयार असते.

मीटरभर खोल गाडलेल्यापर्यंत पोचायला जवळजवळ टनभर बर्फ हलवावा लागतो. तोही भुसभुशीत नसतो, थांबल्या थांबल्या आवळून बसतो. म्हणून पात्याच्या धारेने आधी चौकोनी ढेपा कापा, मग त्या मागे सारा. उचलून खांद्यावरून फेकू नका.

ताकदीची चिंता सोडा. स्वित्झर्लंडच्या मॅन्युएल गेन्सवाइन यांनी बसवलेली व्ही आकाराची पद्धत तुमच्यासारख्या गटासाठीच आहे. एक जण टोकाला प्रोबजवळ कापतो, बाकीचे त्याच्यामागे दोन्ही बाजूंना पसरून तो बर्फ नुसता मागे ढकलत राहतात. टोकावरचा दमायच्या आत, साधारण चार मिनिटांनी, सगळे एकेक जागा पुढे सरकतात. टोकाला असाल तेवढा वेळ मात्र जीव तोडून कापायचं. अंग दिसू लागलं की पातं जपून चालवा. आधी डोकं शोधा, तोंड-नाक मोकळं करा, मग छाती.

हे सगळं घड्याळासाठी. पहिल्या 10 मिनिटांत बाहेर आलेल्यांपैकी 90 टक्क्यांहून जास्त जगतात, अर्ध्या तासाने हे प्रमाण 30 टक्क्यांच्या आसपास येतं. बहुतेकांचा जीव श्वास कोंडून जातो.

देवदार:
वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. 22 फेब्रुवारी 2024 ला गुलमर्गजवळ खिलनमर्गच्या बाजूला हिमस्खलनात एका रशियन स्कीअरचा मृत्यू झाला. गुलमर्गला स्की पेट्रोल (उतारांवरचं बचाव पथक) आहे, पण मोकळ्या उतारावर पहिल्या दहा मिनिटांत हाताशी असतात ते आपलेच सोबती. सराव करायचा तर ताज्या मऊ बर्फात नको. रस्त्याकडेला यंत्राने सारलेल्या बर्फाचे टणक ढीग असतात, त्यात कपडे भरलेली जुनी सॅक पुरून बघा. आधी कुणाला तरी विचारून घ्या, मागून गाडी येत नाही ना तेही पाहा.

चंद्रकोर:
मनापासून आभार. एक मित्र प्लास्टिकच्या पात्याचा हलका शॉव्हल घ्यायचा म्हणतोय, चालेल का?

इन्सब्रुककर:
नाही. टणक ढिगाऱ्यावर प्लास्टिक वाकतं, उसळतं, तुटतं. अ‍ॅल्युमिनियमचं पातं आणि लांब होणारा दांडा हवा. तो सॅकच्या आत ठेवा, बाहेर बांधलेला शॉव्हल बर्फाच्या लोंढ्यात निघून जातो. आणि निघण्याआधी हातमोजे घालून जोडून बघा, थंडीत खटका बसत नाही असे काही दांडे असतात.