दोनचं वर्गमूळ अविवेकी कसं हो?

नवीपेठकर: सातरस्ताची कालची पोस्ट: "गणितातही इर्रॅशनल संख्या आहेत, त्यांच्यावाचून गणिताचं अडतं. मग मी नवस बोललो की मलाच अविवेकी का म्हणता?" अहो, इंग्रजीत 'इर्रॅशनल' म्हणजे अविवेकीही, पण संख्येचा तो शब्द 'रेशो'वरून, म्हणजे गुणोत्तरावरून आलाय! दोन पूर्णांकांच्या भागाकारात जी मांडता येत नाही ती अपरिमेय, एवढंच. माझे वडील गवंडी. दहा बाय दहाची खोली आखली की कोपऱ्यातून कोपऱ्यात टेप धरायचे: चौदा फूट पावणेदोन इंच. दोन्ही कर्ण जुळले की काटकोन पक्का. पावणेदोन ही कामापुरती किंमत. नेमकी लांबी म्हणजे दहा गुणिले दोनचं वर्गमूळ, ती अपूर्णांकात बसतच नाही, आणि हे कळतं ते तर्कानंच: बसली असती, तर अतिसंक्षिप्त रूपातही अंश-छेद दोन्ही सम निघाले असते, म्हणजे अजून दोननं भाग गेला असता, आणि ते अशक्य. यात अविवेक कुठाय?

सातरस्ता: काय बोलूलालास बे! मी गणित शिकवायला नव्हतो आलो. आई ऑपरेशनला आत, मी बाहेर बाकावर. सिद्धेश्वराला नवस बोललो तेव्हा हात थरथरायचे थांबले. त्याला तू परवा अविवेक म्हणालास.

मास्तरीणबाई: मराठी माध्यमात हा घोळ होतच नाही. अपरिमेय म्हणजे मापात न बसणारी. सगळा गोंधळ इंग्रजी माध्यमाचा. माझ्या भाचीनं 'पाय' (π, वर्तुळाचा परीघ भागिले व्यास) अपरिमेय लिहिलं तर गुण कापले, का तर २२/७ अपूर्णांक आहे! 'पाय' अपरिमेय आहे हे लॅम्बर्ट या गणितज्ञानं १७६१ मध्येच सिद्ध केलंय. आर्यभटसुद्धा ३.१४१६ ला 'आसन्न' म्हणतो, जवळपासचा.

पूर्वभाग: मी मराठी माध्यमातलाच. आम्हालाही २२/७ म्हणजेच 'पाय' असं घोकून घेतलं. माध्यमाला कशाला बोल लावता?

मास्तरीणबाई: तुमची पोरं कुठल्या शाळेत आहेत ते सांगा आधी.

पूर्वभाग: पोरांवर जायचं काम नाही! इंग्रजीत आहेत, फी मी भरतो. शब्द मराठीच चांगला, तेवढं मान्य. आणि अविवेक काय असतो ते मला विचारा. जुन्या मागावर दोन वर्षं पैसे ओतले, आधीच इतके घातलेत म्हणून. गेलेले काही परत येणार नव्हते, आणखी मात्र गेले.

नवीपेठकर: हा खरा अविवेक. सातरस्ता, नवसाच्या भरवशावर ऑपरेशन टाळलं असतंस तर आजही भांडलो असतो. टाळलं नाहीस. शब्द मागे घेतो. पण वर्गमुळाला यात ओढू नको.

सातरस्ता: संख्येचं तुझं खरं. पण ते 'अविवेकी' आईनंही वाचलंय. तिला घरी येऊन सांग.