मदत हवी आहे: पालिकेचं प्रसूतिगृह विकतायत, हरकत कशी घ्यायची?

तळमजला: लवकर सांगा प्लीज. आमच्याकडचं प्रसूतिगृह खासगी संस्थेला देतायत. केसपेपरच्या खिडकीशेजारी नोटीस लावलीय, अर्ध्या भागावर पल्स पोलिओचं पोस्टर. हरकती मागवल्यात. कुणाकडे तयार मसुदा आहे का? वहिनीला आठवा लागलाय, नाव तिथेच घातलंय.

दप्तरी: कुठलं शहर? पालिकेची मालमत्ता विकणं-देणं वेगवेगळ्या कायद्यांत येतं. मुंबई असेल तर 1888 चा मुंबई महापालिका कायदा, कलम 92. बाकीच्या महापालिकांना 1949 चा, कलम 79. नगरपालिका असेल तर तिसराच. आणि विकतायत, भाडेपट्ट्याने देतायत की नुसतं चालवायला? तिन्हींची हरकत वेगळी.

तळमजला: विकतायत असंच सगळे म्हणतायत. मसुदा द्या ना.

खडूस काका: देऊ देत की! माझं पित्ताशयाचं ऑपरेशन खासगीत झालं, तिसऱ्या दिवशी घरी. पालिकेत सोनोग्राफीचं मशीन असतं, चालवणारा नसतो.

निशिगंधा: काका, तो माणूस भरायला सांगा ना मग! जागा विकून माणूस येतो का? मुंबईत मरोळचं सेव्हन हिल्स हॉस्पिटल आठवतं? पालिकेची जमीन, 20 टक्के खाटा पालिकेच्या रुग्णांना देण्याचा करार. कंपनी दिवाळखोरीत गेली, हॉस्पिटल ठप्प. 2020 साली कोविडला तेच पालिकेने धावतपळत वापरात आणलं.

खडूस काका: म्हणजे इमारत कामाला आलीच की.

निशिगंधा: आली, पण पालिकेच्या हातात.

पावशेर: महात्मा फुले योजनेत आता 5 लाखांपर्यंत उपचार आहेत. वहिनींचं आयुष्मान कार्ड काढून घ्या. आधार, रेशनकार्ड आणि आधारला जोडलेला मोबाइल लागतो.

निशिगंधा: त्यांनी कार्ड विचारलंय का? बाळाच्या लसी, दर महिन्याची तपासणी, लोहाच्या गोळ्या, हे त्या योजनेत कुठे बसतं? आमच्या आशाताई बायकांना हाताला धरून नेतात ते चालत जाण्याच्या अंतरावर दवाखाना असतो म्हणून. रिक्षाचे शंभर रुपये पडले की पुढची तपासणी बुडालीच समजा.

दप्तरी: धागाकर्ते, पोस्टरचा कोपरा उचला आणि नोटिशीची तारीख व कलम वाचा. एवढंच करा.

तळमजला: आत्ता जाऊन आलो. शिपाई ओरडला, पण वाचलं. मुंबई नाही, महापालिका आहे. ‘महाराष्ट्र प्रादेशिक व नगर रचना अधिनियम 1966, कलम 37’ असं आहे. विक्री हा शब्दच नाही. ‘आरक्षणात फेरबदल’ लिहिलंय. तारीख 21 दिवसांपूर्वीची.

दप्तरी: हे आधी सांगायचं होतं! हरकतीला नोटिशीच्या तारखेपासून एक महिनाच मिळतो. हातात जेमतेम नऊ-दहा दिवस उरले. आधी आरक्षण, म्हणजे विकास आराखड्यात ही जागा दवाखान्यासाठी राखून ठेवल्याची नोंद, बदलायचं, भूखंड मोकळा करायचा आणि मग निविदा काढायची, असा क्रम असतो. म्हणून आता विक्रीवर निबंध नको. वर्षाला बाळंतपणं किती, लसीकरण किती, पर्यायी जागा कुठे, नवी तयार होईपर्यंत जुनी चालू राहणार का, हे विचारा. पुढे विकायला काढलीच तर कलम 79 मध्ये बाजारभावाची अट आहे, ते तेव्हा बघू. माहिती अधिकाराचा अर्जही टाका, 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. पण उत्तराला 30 दिवस लागतात, त्याच्यासाठी हरकत अडवून ठेवू नका.

खडूस काका: ठराव कुणी केला? 2022 पासून कितीतरी ठिकाणी नगरसेवक नव्हते, प्रशासकच सही ठोकत होते. ते तपासा. (मी खासगीच्या बाजूचाच आहे, पण चोरून नको.)

तळमजला: सोसायटीच्या लेटरहेडवर एकच पत्र, खाली सगळ्यांच्या सह्या, चालेल?

दप्तरी: चालेल, पण त्याची एकच हरकत मोजली जाऊ शकते. घरटी वेगळी द्या. दोन प्रती न्या, आवक-जावकला शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. ‘ठेवून जा’ म्हणाले तर हलू नका. आणि सुनावणी हवी, हे पत्रातच लिहा.

निशिगंधा: वहिनींच्या नावानेही एक द्या. तिथे नाव घातलंय, त्यांच्याएवढा संबंध कुणाचा?

तळमजला: तिला म्हटलं तर म्हणाली, आधी सोनोग्राफीची तारीख आणून दे.

पावशेर: कार्ड काढलंत का?