व्हर्च्युअल मशीनमध्ये इंटरनेट आले नाही की लगेच ‘ब्रिज’ लावावा का?

अडाणकाठ (धागाकर्ता):

दारव्हा तालुक्यातील आमच्या गावात, वाचनालयाच्या मागच्या खोलीत, दर शनिवारी आणि रविवारी मी मुलामुलींना लिनक्स शिकवतो. आठ जुने लॅपटॉप आहेत, त्यांवर विंडोज आहे आणि विंडोजच्या आत व्हर्च्युअलबॉक्स या प्रोग्रामने उभ्या केलेल्या आभासी संगणकात, म्हणजे व्हर्च्युअल मशीनमध्ये, उबुंटू हे लिनक्स चालते. पुढे ‘मशीन’ म्हणजे हा आभासी संगणक आणि ‘होस्ट’ म्हणजे तो ज्यावर चालतो तो लॅपटॉप. इंटरनेट बहुतेक वेळा कोणाच्या तरी फोनवरूनच घ्यावे लागते. या वर्गात एक सवय रुजताना दिसते आहे आणि ती मला मनापासून खटकते. मशीनमध्ये इंटरनेट आले नाही की मुले सेटिंग उघडून ‘नॅट’च्या (मशीन लॅपटॉपच्या आडून बाहेर जाते) जागी ‘ब्रिज्ड’ (मशीन स्वतःच्या पत्त्याने थेट बाहेरच्या जाळ्यात उतरते) करतात, मशीन पुन्हा सुरू करतात, आणि तरीही जमले नाही तर सगळे पुसून उबुंटू नव्याने बसवतात. माझे म्हणणे असे की बिघाड नेमका कोणत्या पायरीवर आहे हे कळेपर्यंत सेटिंगला हात लावू नये, आणि फोनच्या इंटरनेटवर चालणाऱ्या आपल्या गावांत नॅट हाच पाया ठेवावा.

मागच्या महिन्यातला प्रसंग सांगतो. तालुक्याच्या ठिकाणी महाविद्यालयात शिकणारी एक मुलगी सुटीत लॅपटॉप घेऊन आली. तिच्या मशीनमध्ये एकही संकेतस्थळ उघडत नव्हते. ब्रिज करून झाले होते, फोन बदलून झाला होता आणि आता ती सगळे पुसून टाकण्याच्या बेतात होती. आम्ही सेटिंग पुन्हा नॅटवर आणले आणि एकेक पायरी तपासली. ‘आयपी ए’ ही आज्ञा दिली तेव्हा जोडणी सुरू दिसली आणि पत्ता १०.०.२.१५ मिळालेला होता. ‘आयपी आर’ने गेटवे, म्हणजे बाहेर जाण्याचे दार, १०.०.२.२ दाखवला. व्हर्च्युअलबॉक्सच्या नॅटमध्ये पहिल्या नेटवर्क कार्डाला नेहमी हेच आकडे येतात, त्यामुळे इथवर सगळे ठीक होते. मग इंटरनेटवरील १.१.१.१ या पत्त्याला पिंग केले, म्हणजे नुसती हाक दिली, तर उत्तर आले. म्हणजे रस्ता मोकळा होता, फक्त संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता सापडत नव्हता. ‘रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस’ पाहिल्यावर उलगडा झाला. महाविद्यालयातील प्रयोगशाळेत असताना तिने नेटप्लॅनच्या (उबुंटूच्या नेटवर्क सेटिंगच्या) फाइलमध्ये तिथल्या अंतर्गत डीएनएसचा, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरचा, पत्ता हाताने लिहिला होता. तो १७२.१६ ने सुरू होणारा खासगी पत्ता होता आणि त्या इमारतीबाहेर त्याला उत्तर देणारे कोणीच नव्हते. ती ओळ काढली, ‘नेटप्लॅन ट्राय’ दिले, १२० सेकंदांच्या आत होकार दिला आणि पान उघडले. चूक मशीनच्या आत असताना बाहेरचा ब्रिज कितीही वेळा लावला असता, तरी काहीच झाले नसते.

पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, लाल पडली की पहिला हात फवारणीच्या पंपाकडे जातो. पण लाल्या पुष्कळदा जमिनीत मॅग्नेशियम कमी पडल्याने किंवा रात्रीचे तापमान एकाएकी उतरल्याने येतो, आणि तेव्हा पंपातले औषध वाया जाते. ब्रिजचे आमच्याकडे तसेच झाले आहे.

ब्रिजची दुसरी अडचण खास आपल्या परिस्थितीची आहे. ब्रिज होस्टच्या एका ठरावीक कार्डाला बांधलेला असतो. सकाळी वाय-फायवर चालणारे मशीन दुपारी फोन यूएसबी केबलने जोडल्यावर अबोल होते, कारण इंटरनेट आता दुसऱ्याच कार्डावरून येत असते. नॅटला त्याने फरक पडत नाही, लॅपटॉप ज्या वाटेने बाहेर जातो त्याच वाटेने मशीनही जाते. शिवाय वाय-फायमध्ये एका लॅपटॉपच्या जोडणीवर दुसरा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाची स्वतःची ओळख) सहसा चालत नाही, त्यामुळे व्हर्च्युअलबॉक्सला पत्त्यांची अदलाबदल करून काम भागवावे लागते. काही राउटर आणि फोन ते निमूटपणे स्वीकारतात, काही स्वीकारत नाहीत. आपले मत काय?

पूर्णेकाठचा:

अडाणकाठ भाऊ, आपली तळमळ समजते, पण आपल्या निष्कर्षाशी मी सहमत नाही. मी अचलपूरकडील एका खेड्यात अकरावी-बारावीच्या मुलांना शिकवतो. वीज असते तेवढ्याच वेळात वर्ग घ्यावा लागतो आणि त्यातला अर्धा तास निदानात गेला, तर पुढच्या रविवारी निम्मी मुले येत नाहीत. शिकणाऱ्यासमोर आधी चालते यंत्र ठेवावे, ते का चालले हे नंतर सांगावे, असे माझे अनुभवाने झालेले मत आहे.

ब्रिजला आपण केवळ फवारणी म्हणता, हेही मला पटत नाही. नॅटमध्ये मशीन होस्टच्या पदराआड असते. ते बाहेर पाहू शकते, पण त्याच्याकडे कोणी पाहू शकत नाही. माझ्या एका विद्यार्थ्याने मशीनमध्ये अपाची हा वेब सर्व्हर बसवला, ब्रिज केले, मशीनला घरच्या वाय-फायवर स्वतःचा पत्ता मिळाला आणि त्याने वडिलांच्या फोनवर तो पत्ता टाकून स्वतः लिहिलेले पान उघडून दाखवले. पानावर त्यांच्या वावराचा गट क्रमांक आणि यंदाच्या सोयाबीनच्या पेऱ्याचा हिशेब होता. वडिलांनी फोन हातात घेऊन ते पान वर-खाली सरकवून दोनदा वाचले. त्या क्षणानंतर मुलाला नेटवर्क म्हणजे काय हे वेगळे समजावून सांगावे लागले नाही. १०.०.२.१५ हा पत्ता प्रत्येकाच्या मशीनमध्ये सारखाच असतो. तो पाहून मुलाला काय कळणार?

अडाणकाठ:

तो प्रसंग वाचून फार आनंद झाला आणि असे पान प्रत्येक मुलाने उघडून दाखवावे, असे मलाही वाटते. मात्र त्यासाठी नॅट सोडावे लागत नाही. नॅटच्या सेटिंगमध्येच पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे लॅपटॉपकडे आलेली विनंती मशीनकडे वळवण्याची सोय, आहे. होस्टचा ८०८० क्रमांकाचा पोर्ट मशीनच्या ८० ला जोडला की त्याच वाय-फायवरील फोनमध्ये लॅपटॉपचा पत्ता आणि पुढे ८०८० लिहून पान उघडते. दुसरा मार्ग असा की पहिले कार्ड नॅटवर ठेवावे आणि दुसरे होस्ट-ओन्ली, म्हणजे फक्त लॅपटॉप आणि मशीन यांच्यातले, द्यावे. विंडोजवर त्या जाळ्यात लॅपटॉपचा पत्ता सहसा १९२.१६८.५६.१ असतो आणि इंटरनेट पूर्ण बंद असले तरी लॅपटॉपवरून मशीनमध्ये एसएसएचने (दुसऱ्या संगणकावर आज्ञा देण्याच्या सोयीने) शिरता येते. आमच्याकडे पावसाळ्यात चार-चार दिवस इंटरनेट नसते, तेव्हा वर्ग या दुसऱ्या कार्डावरच चालतो.

ब्रिज केल्याने मशीन बाहेरच्या जगाला दिसू लागते, असा एक समज मुलांत असतो, तोही इथेच दूर करावा. मोबाइल कंपन्या हजारो ग्राहकांना एका सार्वजनिक पत्त्याआड ठेवतात आणि त्यासाठी १००.६४.०.० पासूनचा एक वेगळा पट्टा २०१२ पासून राखून ठेवलेला आहे. फोनच्या इंटरनेटवर कितीही ब्रिज केला, तरी नागपुरातून आपले पान उघडणार नाही.

मोहफूल:

मी चंद्रपूर जिल्ह्यातील मूल तालुक्यात राहतो आणि घरून सर्व्हर सांभाळण्याचे काम करतो. मला दोघांशीही वाद घालायचा आहे, पण अधिक अडाणकाठ यांच्याशी, कारण निदानाचा आग्रह धरणाऱ्याचे निदान तरी काटेकोर असावे.

आपण पिंगवर फार विसंबता. आपल्या प्रसंगात पिंगचे उत्तर आले म्हणून पुढची पायरी सापडली. उत्तर आले नसते तर आपण काय निष्कर्ष काढला असता? केमू हा व्हर्च्युअल मशीन चालवणारा दुसरा प्रोग्राम साध्या यूझर-मोड नेटवर्कने चालवला तर तिथेही पत्ता १०.०.२.१५ च असतो, पण होस्टवर वेगळी परवानगी दिल्याशिवाय बाहेरचे पिंग बहुधा जात नाही, आणि त्याच वेळी पाने मात्र बिनबोभाट उघडत असतात. व्हर्च्युअलबॉक्सच्या नॅटमध्ये पिंग चालते, तरी ट्रेसराउटवर (वाटेतले टप्पे दाखवणाऱ्या आज्ञेवर) भरवसा ठेवता येत नाही. कार्यालये आणि महाविद्यालये पिंग अडवतात ते वेगळेच. म्हणून पिंग अपयशी ठरले तर ‘रस्ता बंद’ असे मुलांना कधीही सांगू नये. ‘कर्ल’ या आज्ञेने एखादे पान मागून पाहावे. आपल्याला जे काम करायचे आहे त्याच प्रकारची विनंती करून तपासावे.

आता दुसरी गोष्ट. आठ लॅपटॉपवर आपण उबुंटू आठ वेळा बसवले, की एक मशीन तयार करून पेन ड्राइव्हने सगळीकडे नेले?

अडाणकाठ:

एकच तयार करून पेन ड्राइव्हने नेले. डाउनलोडचा डेटा वाचवायचा होता.

मोहफूल:

मग पूर्णेकाठचे भाऊ म्हणतात तसा ब्रिज आपल्या वर्गात का फसतो, याचे खरे कारण कदाचित तेच असेल आणि त्याचा दोष आपण ब्रिजला देत आहात. मशीनचे संपूर्ण फोल्डर जसेच्या तसे उचलून नेले तर मॅक पत्ताही तोच राहतो. व्हर्च्युअलबॉक्सच्या क्लोन या सोयीने नवा मॅक घेतला, तरी आत ‘ईटीसी’ या फोल्डरमधील मशीन-आयडी ही फाइल तीच राहते. उबुंटू सर्व्हरवर नेटवर्क सांभाळणारा सिस्टिमडी-नेटवर्कडी डीएचसीपीकडे, म्हणजे राउटरच्या पत्ते वाटणाऱ्या सेवेकडे, आपली ओळख त्याच आयडीवरून तयार करून देतो. राउटरला वाटते की एकच मशीन पुन्हा पुन्हा पत्ता मागत आहे, आणि तो दोघांनाही एकच पत्ता देतो. मग एकाचे चालते तेव्हा दुसऱ्याचे थांबते, थोड्या वेळाने उलट होते, आणि वर्गातील सगळे राउटरला बोल लावतात. नॅटमध्ये प्रत्येक मशीन आपापल्या लॅपटॉपच्या आत एकटेच असल्याने हा दोष झाकला जातो, एवढेच. कॉपी करण्यापूर्वी मूळ मशीनमधील ती फाइल रिकामी करून मशीन बंद करावे. प्रत्येक प्रत पहिल्यांदा सुरू होताना स्वतःचा नवा आयडी तयार करते. फाइल पुसून टाकू नये, रिकामी ठेवावी.

गाविलगड:

मी धारणीकडे शिक्षिका आहे. तीनही भावांचे वाचले. पायऱ्या शिकवाव्यात, या बाबतीत मी अडाणकाठ भाऊंच्या बाजूने आहे, पण पायऱ्यांची सुरुवात मशीनच्या आतून करणे मला चुकीचे वाटते. आमच्याकडे रेंज शाळेच्या गच्चीवर येते आणि खाली वर्गात जाते. पहिला प्रश्न ‘लॅपटॉपवर पान उघडते का?’ हाच असला पाहिजे. त्याचे उत्तर ‘नाही’ असेल तर मशीनमध्ये डोकावण्यात अर्थच नाही. दुसरा प्रश्न व्हर्च्युअलबॉक्सच्या सेटिंगमधील ‘केबल कनेक्टेड’ या खुणेचा. ती निघालेली असली की ‘आयपी ए’मध्ये ‘नो-कॅरिअर’ असे दिसते. माझ्या वर्गात एका मुलाने ती खूण चुकून काढली होती आणि आम्ही सगळे एक तास नेटप्लॅनमधील मोकळ्या जागा मोजत बसलो होतो.

आणखी एका कारणाचा कोणी उल्लेख केला नाही. ते म्हणजे घड्याळ. वीज गेली की आम्ही मशीन बंद न करता ‘सेव्ह’ करतो आणि चार-पाच दिवसांनी तिथूनच पुढे सुरू करतो. जुन्या लॅपटॉपची छोटी बॅटरी संपलेली असते, म्हणून होस्टचीही तारीख मागे गेलेली असते. मग आतमध्ये ‘ॲप्ट अपडेट’ (सॉफ्टवेअरची यादी ताजी करण्याची आज्ञा) दिले की रिलीज फाइल अजून वैध नाही असा संदेश येतो आणि ब्राउझर संकेतस्थळाचे प्रमाणपत्र नाकारतो. पत्ता ठीक, गेटवे ठीक, डीएनएस ठीक, पिंगही ठीक, आणि तरी एकही पान उघडत नाही. मुलांच्या दृष्टीने हे ‘नेट नाही’ असेच असते. ‘टाइमडेटसीटीएल’ ही तारीख-वेळ दाखवणारी आज्ञा मी आता वरच्या दोन प्रश्नांनंतर लगेच ठेवली आहे.

पूर्णेकाठचा:

अडाणकाठ भाऊंनी सुचवलेले पोर्ट फॉरवर्डिंग मी काल करून पाहिले. लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये पान लगेच उघडले, फोनवर मात्र उघडेना. विंडोजने आमच्या वाय-फायला ‘पब्लिक’ ठरवले होते आणि फायरवॉल बाहेरून येणारी विनंती अडवत होती. नियम शोधून तो बदलेपर्यंत चाळीस मिनिटे गेली. ब्रिजने तेच काम पाच मिनिटांत होते. मोहफूल यांनी सांगितलेल्या मशीन-आयडीचाही मी विचार केला. माझ्या वर्गात प्रत्येक मुलाने उबुंटू स्वतः बसवले आहे, म्हणून ती अडचण मला कधी आली नसावी. तेव्हा घरचे वाय-फाय स्थिर असेल तिथे मी ब्रिजच शिकवणार. फोनच्या इंटरनेटवर असलेल्या मुलांना नॅट द्यावे, एवढे मात्र मान्य करतो, कारण केबल आणि वाय-फाय यांच्या अदलाबदलीत ब्रिज तुटतो हे मी स्वतः पाहिले आहे.

अडाणकाठ:

फायरवॉलचा नियम एका लॅपटॉपवर एकदाच लिहावा लागतो, त्यामुळे ती चाळीस मिनिटे दर रविवारी जाणार नाहीत. तरी आपला मुद्दा मी नाकारत नाही. गाविलगड ताईंचे दोन्ही प्रश्न आणि घड्याळ मी माझ्या पायऱ्यांच्या सुरुवातीला घेतो, आणि पिंगच्या जोडीला कर्ल ठेवतो. मोहफूल भाऊ, आज आठही लॅपटॉप उघडून मशीन-आयडी पाहिले. आठही अगदी सारखे निघाले, आणि सहा मशीनचे मॅक पत्तेही एकच होते. शनिवारी मुलांसमोरच ती फाइल रिकामी करून, मॅक नवे घेऊन, आठही मशीन एकाच राउटरवर ब्रिज करून पाहणार आहे. आठ वेगवेगळे पत्ते मिळाले, तर ब्रिजविषयीचे माझे निम्मे म्हणणे मला मागे घ्यावे लागेल. केबल आणि वाय-फायच्या अदलाबदलीचे उरलेले निम्मे तसेच राहील.