पाइप वेल्डिंगचा क्लास लावावा की हेल्पर म्हणून लागावं? मदत हवी आहे

धाकट्या भावाचा आयटीआयचा एक वर्षाचा वेल्डर ट्रेड झालाय, अप्रेंटिसशिपही झाली. सध्या भोसरीत एका फॅब्रिकेशन शॉपमध्ये सीओटूवर (गॅसच्या आवरणात वायरने होणारं वेल्डिंग) आहे. प्लेटवर 3जी, म्हणजे उभा जॉइंट, व्यवस्थित काढतो. आता त्याला रिफायनरीच्या शटडाउनला (दुरुस्तीसाठी प्लांट बंद ठेवतात तेव्हा) पाइप वेल्डर म्हणून जायचंय, म्हणजे 6जी पोझिशनची टेस्ट आलीच: पाइप 45 अंशात फिक्स, रूट (जॉइंटचा सगळ्यात आतला पहिला थर) टिगने (टंगस्टन इलेक्ट्रोड आणि आर्गॉन गॅस वापरून), वरचे पास म्हणजे थर 7018 रॉडने.

सुट्टीच्या दिवशी शॉपमधल्या स्क्रॅप पाइपवर सराव करतो. वरच्या बाजूला रूट छान बसतो, पण तळाला, घड्याळात सहा असतात तिथे, पाइपच्या आतून खोलगट राहतो (सक-बॅक). रूट गॅप (दोन पाइपांमधली फट) आणि अँपिअर कमीजास्त करून पाहिलं, फरक थोडाच. शॉपमध्ये टिग शिकवणारं कोणी नाही, आणि सरावाला रोज आर्गॉन कोण देणार!

खाजगी क्लासवाले 'इंटरनॅशनल सर्टिफिकेट' देतो म्हणतात. पण एएसएमई सेक्शन 9 (वेल्डिंग पात्रतेचा अमेरिकन कोड) प्रमाणे वेल्डर क्वालिफाय करण्याची जबाबदारी काम देणाऱ्या कंपनीची, म्हणजे साइटवर टेस्ट द्यावी लागणारच. मग त्या कागदाचे पैसे कशाला मोजायचे?

बजेट तीस हजारांपर्यंत. महिना-दीड महिना काम सोडता येईल, पुण्याबाहेरही चालेल. गल्फचा विचार नाही, एजंटांनी कृपया मेसेज करू नयेत.

जे स्वतः पाइप वेल्डर आहेत किंवा टेस्ट घेतात त्यांनी सांगा: क्लास बघताना रोज किती जॉइंट मारायला मिळतात आणि एक्स-रे काढून दाखवतात का, यापलीकडे काय विचारावं? की क्लासऐवजी आधी साइटवर टिगवाल्याच्या हाताखाली लागलेलं बरं?