दृष्ट काढायला तुम्हाला कुणी शिकवलं?

शेवंती
काल रात्री लेकीचा न्यू जर्सीहून फोन. बाळ सकाळपासून किरकिरतंय, ताप नाही, डॉक्टरांना दाखवून आणलं. "आई, दृष्ट कशी काढतात गं? पहिल्यापासून सांग." मीठ, मोहरी, लाल मिरच्या सगळं होतं घरात, शब्द तेवढे नव्हते. मग स्पीकरवर सांगत गेले. बाळाला पूर्वेकडे तोंड करून मांडीवर घे. दोन्ही मुठींत मीठ-मोहरी. हातांची फुली करून डोक्यापासून पायापर्यंत उतरव, पायाशी मूठ जमिनीला टेकव. सात वेळा. मध्ये कुणाशी बोलू नकोस. "आल्यागेल्याची, घरच्यादारच्याची, पाप्याचांडाळाची, इडापिडा टळो." म्हणता म्हणता माझाच आवाज आजीसारखा लागला आणि गळा दाटून आला. तिनं मला धाकट्या भावावर शिकवलं होतं, मी अकरा वर्षांची. माझी मूठ सैल पडायची आणि मोहरी त्याच्या कानात जायची. आजी मागून माझ्या मुठीवर आपली मूठ आवळायची.
तुमचंही लिहा.

उंबरठा
मोहरी कानात 😄 आमच्याकडे पण!!

बर्फातली_चाफेकळी
लेकीला सांगा मिरच्या गॅसवर टाकू नकोस. टोरांटोत मी टाकल्या, स्मोक अलार्म वाजला, शेजारचे गोरे आजोबा धावत आले. आता मीठ-मोहरी नळाखाली सोडते. सासूबाई म्हणाल्या चालतं.

रानवारा
दृष्टीचं नाही, विंचवाचं लिहितो. गाव महाडजवळ. आजोबा विंचू उतरवायचे. मंत्र ग्रहणात जागवायचा असतो, नाहीतर झोपतो म्हणायचे. १६ फेब्रुवारी १९८० च्या सूर्यग्रहणाला दुपारी सावित्रीत कमरेएवढ्या पाण्यात उभे होते, ओठ हलत होते, मी काठावर त्यांचं धोतर धरून. कुणाकडून पैसा नाही, त्या घरचं पाणीसुद्धा नाही. मला शिकवणार होते. पण त्याच पावसाळ्यात चुलत बहिणीला लाल विंचू चावला. घामानं निथळत होती, हातपाय बर्फ. आजोबा रात्रभर उतरवत राहिले. पहाटे गेली. त्यानंतर त्यांनी मंत्र कधी म्हटला नाही आणि मलाही दिला नाही. पुढे आमच्याच भागात डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन वापरून माणसं वाचवली. दोन-चार वर्षं आधी ती गोळी असती तर ताई असती. बावस्करांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली त्या दिवशी मी आजोबांच्या फोटोला हार घातला.

शेवंती
रानवारा, काय लिहू. ताईचं वय किती होतं?

रानवारा
नऊ.

उंबरठा
🙏

कंदील
म्हणूनच २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, विंचू, कुत्रा चावल्यावर औषधोपचार रोखून मंत्रतंत्र करणं हा गुन्हा धरलाय. दृष्ट काढा, मायेचा हात फिरतो लेकरावर. पण चावलं की तडक दवाखाना. मी गावात आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईंबरोबर पाड्यांवर फिरते, अजूनही हे घसा कोरडा करून सांगावं लागतं.

माडाबन
आमच्या पेडण्यात दिश्ट काडप म्हणतात. मीठ-मिरसांग आणि तुरटी. तुरटी निखाऱ्यावर फुगते ना, तिचा जो आकार होईल त्यात आई दिश्ट घातलेल्या माणसाचं तोंड शोधायची. दर वेळी एकाच शेजारणीचं दिसायचं. लहान होते, त्या मावशींच्या दारातून पळत जायचे. फार चांगल्या होत्या हो त्या. आईच्या बाळंतपणात महिनाभर पेज त्यांनीच आणली होती, हे मला खूप उशिरा कळलं.

बर्फातली_चाफेकळी
@माडाबन उकडा तांदूळ कुठून आणता? इथे मिळतो तो पेजेला चिकट होतो

माडाबन
गावाहूनच. भाऊ येतो तेव्हा पाच किलो आणतो.

नवी_आई
शेवंतीताई ते शब्द नीट पूर्ण लिहाल का? माझी आई नाहीये, सासरी कुणी करत नाही. आणि मोहरी पिवळी चालते का? काळी संपलीये.

शेवंती
चालते गं. फोन नंबर व्यक्तिगत निरोपात पाठव, संध्याकाळी दिवे लावून झाले की करते. शब्द तोंडानं म्हणून दाखवते, लिहून मूठ कशी आवळायची ते कळायचं नाही.